वाचकांचे प्रश्न : सड्यावर झाडं लावू नका

या वेळच्या पत्रांत झाडं, जंगल आणि जनावरं यांच्याबद्दल विचारणारी पत्रं जास्त आहेत. जून तोंडावर आला की असं होतंच. मी भुदरगडात वाढले, कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर राधानगरी ते चंदगड या पट्ट्यातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघड्या कातळाची पठारं, आणि देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, हेच माझं काम झालं आहे. त्यामुळे उत्तरंही याच मुलखाच्या आधाराने देते.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एका पुस्तकात भारताचं वनक्षेत्र २५ टक्के दिलंय, दुसऱ्यात २१ टक्के. दोन्ही पुस्तकं २०२३ च्याच अहवालाचं नाव सांगतात. पेपरात काय लिहू? आणि जंगल वाढलं म्हणतात, मग गावाकडचे डोंगर बोडके का दिसतात?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. देहरादूनला भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था आहे, १९८१ साली स्थापन झालेली. १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी ती देशाचा वन अहवाल काढते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या भूभागाच्या २१.७६ टक्के. त्याबाहेर बांधावर, रस्त्याकडेला, छोट्या तुकड्यांत जी झाडं आहेत ती वृक्षाच्छादन म्हणून वेगळी धरतात, ती ३.४१ टक्के. दोन्ही मिळून २५.१७. प्रश्नात ‘वन व वृक्षाच्छादन’ असेल तर २५.१७ लिही, नुसतं ‘वनाच्छादन’ असेल तर २१.७६. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने ठेवलेलं ३३ टक्क्यांचं उद्दिष्टही लक्षात ठेव, ते हमखास विचारतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो परीक्षेत येणार नाही, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

हे मोजमाप उपग्रहाच्या चित्रांवरून होतं. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकराच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा तुकडा घ्यायचा. त्यातली किमान १० टक्के जमीन झाडांच्या माथ्यांनी झाकलेली असेल तर तो वनाच्छादनात धरायचा. जमीन कुणाची, झाड कुठलं, ते आपोआप आलं की कुणी लावलं, याने फरक पडत नाही. काजूची बाग, रबर, निलगिरी, आंब्याची कलमं, सगळं त्यात बसतं. टक्केवारीत देशात पहिलं कोण, ठाऊक आहे? लक्षद्वीप, ९१ टक्क्यांहून जास्त. तिथे आहेत ते मुख्यतः नारळ.

पद्धत म्हणून यात काही खोट नाही. एवढा मोठा देश पुन्हा पुन्हा एकाच मापाने मोजायचा तर असंच काहीतरी करावं लागेल, आणि घनतेनुसार दाट, मध्यम, विरळ अशी फोडही अहवालात दिलेली असते. मला त्रास होतो तो त्यातला एकच आकडा उचलून ‘जंगल वाढलं’ असं सांगितलं जातं त्याचा. २०२१ च्या तुलनेत झालेली वाढ १,४४५ चौरस किलोमीटर आहे. तिच्यातली वनाच्छादनाची वाढ फक्त १५६, उरलेली १,२८९ वृक्षाच्छादनाची. त्याच अहवालात पश्चिम घाटाच्या प्रस्तावित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत वनाच्छादन ५८ चौरस किलोमीटरने घटल्याची नोंद आहे, तिची बातमी कमी लोकांनी वाचली. शिवाय हे आकडे वजाबाकी करून उरलेले असतात. चंदगडच्या डोंगरावरचं अंजनी, पिसा, जांभूळ असलेलं निमसदाहरित रान तुटलं आणि दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात तेवढीच निलगिरी उभी राहिली, तर कागदावर काहीच बदललेलं नसतं. चंदगडच्या त्याच उतारावर काही वर्षांत काजू दाटला, तर तिथलीही नोंद पुन्हा हिरवी होते. पण धनेश पक्ष्याला अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. अशी ढोली काजूत कुठून मिळणार? धनेश गेला की त्याच्या पोटातून ज्या झाडांचं बी रानभर पसरायचं, त्यांचंही पुढचं अवघड होतं. तुला डोंगर बोडका दिसतो त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो असा आतून रिकामा होत आलेला असतो.

प्रश्न : उपग्रहात आमची काजूची बाग जंगल म्हणून दिसते असं कुणीतरी सांगितलं. उद्या वनखातं जमीन ताब्यात घेईल काय?
— एक शेतकरी, आजरा तालुका

उत्तर : नाही. अहवालातली नोंद फक्त झाडांच्या आच्छादनाची असते, तिने मालकी बदलत नाही. सातबारा पाहा. इतर हक्कात वनविभागाची किंवा खाजगी वनाची नोंद असेल, तर तो १९७५ च्या खाजगी वने कायद्याचा वेगळा विषय आहे. तशी नोंद असेल तर फेरफार काढून जाणकार वकिलाला दाखवा. नसेल तर निर्धास्त राहा.

प्रश्न : मॅडम, आमच्या शाळेच्या मागे मोठा सडा आहे, नुसता कातळ आणि गवत. पर्यावरण दिनाला तिथे पाचवी ते दहावीच्या मुलांकडून झाडं लावून घ्यायचं ठरलंय. रोपं मोफत मिळणार आहेत. तिथे कोणती झाडं जगतील?
— एक शिक्षिका, पन्हाळा तालुका

उत्तर : बाई, तुमची तळमळ मला कळते. तरीही हात जोडून सांगते, सड्यावर एकही झाड लावू नका.

मे महिन्यात सडा पाहिला की तो मेलेला वाटतो. काळा-तांबूस जांभ्याचा कातळ, कुठे बोटभर माती, करपलेलं गवत. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर मुलांना तिथे घेऊन जा. कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात बेडकांची, भेकांची पिल्लं वळवळू लागतात. आंबोलीला एक भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. शास्त्राला तो २००९ मध्ये नव्याने कळला. तो जांभ्यावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. जगात तो आंबोलीच्या आसपासच सापडतो आणि नष्ट होण्याच्या काठावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडे, सोनकी फुलतात. सीतेची आसवं ही कीटक पकडणारी वनस्पती आहे. तिच्या शेजारी दवबिंदूही सापडेल, चिकट थेंबांवर माशी धरणारी. मातीत नत्र फार कमी असल्यामुळे या वनस्पतींनी कीटकांकडून ते मिळवायची वाट काढली आहे. इतक्या गरीब मातीवर इतक्या जाती जगतात त्या त्या गरिबीला सरावल्यामुळेच. तुम्ही खड्डे काढून गाळाची माती आणि खत टाकलंत की ती जागा त्यांची राहत नाही. वर झाडांची सावली पडली तर उन्हावर जगणारी ही फुलं संपलीच. साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं ते अशाच उघड्या कातळासाठी. त्याच यादीत कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरीही आहे.

पाण्याचंही पाहा. जांभ्याच्या भेगांतून पाऊस खाली मुरतो आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन निघतो. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला असा झरा असेल तर तो कुठून येतो हे मुलांना शोधायला लावा.

वन अहवालात मात्र असा सडा वनाच्छादन म्हणून धरला जात नाही, कारण त्यावर झाडं नाहीत. महसुली कागदावर तो बहुधा पडीक किंवा पोटखराब असतो. म्हणून सड्याकडे पाहिलं की कुणाला तिथे वृक्षारोपण सुचतं, कुणाला पवनचक्की, कुणाला बॉक्साईटची खाण. राधानगरी-शाहूवाडीकडे खाणींनी सडे कसे खरवडले गेले ते मी पाहिलं आहे. वरचा जांभा एकदा निघाला की वर कितीही रोपं लावली तरी सडा परत येत नाही.

रोपं मिळणारच असतील तर ती ओढ्याकाठी, शाळेच्या कुंपणाला, गावठाणात लावा. ओढ्याला करंज, उंबर, जांभूळ, ताम्हण. कुंपणाजवळ आवळा, बकुळ. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, मुलांना ते ओळखता यायलाच हवं. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प मोफत मिळाली तरी घेऊ नका. आणि सड्यावर काही करायचंच असेल तर जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी एका ठरलेल्या चौकोनात काय उगवलं, काय फुललं, याची वही मुलांना ठेवायला लावा. मला बोलवा, मी येईन.

प्रश्न : ताई, गवे राधानगरीच्या अभयारण्यात राहायचे. आता आमच्या उसात बसतात. एका रात्रीत अर्धा एकर आडवा केला. सरकारने त्यांना एवढं जंगल दिलंय, ते तिथे का थांबत नाहीत?
— एक ऊस उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : दादा, नुकसान तुमचं झालं आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. वनविभागाला लगेच कळवा. पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नका आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. गव्याने केलेल्या पीकहानीला शासनाची भरपाई आहे. ती पुरेशी नसते आणि वेळेवर मिळत नाही ही तुमची तक्रार मला मान्य आहे, पण अर्जच केला नाही तर नोंदही राहत नाही.

दाजीपूरचं रान ही शाहू महाराजांच्या काळातली शिकारीची राखीव जागा. तिथे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. पण त्याला कुंपण नाही आणि असूही नये. गवा हा गवत आणि बांबू खाणारा प्राणी, ऋतूप्रमाणे फिरणारा. त्याचे कुरणाचे पट्टे रानमोडी आणि घाणेरी या तणांनी व्यापले, दर फेब्रुवारी-मार्चात वणवे लागतात, जाण्यायेण्याच्या वाटांवर रस्ते, रिसॉर्ट, बागा आल्या. आणि खाली नदीकाठाला वर्षभर हिरवा, ओला, माणसाहून उंच ऊस. उसात त्याला चारा, पाणी आणि लपायला जागा एकत्र मिळते.

यावर खरा इलाज वरच्या अंगाला आहे. २०२० नंतर विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. राधानगरी आणि चांदोली यांना जोडणारं, आणि दक्षिणेला तिलारीपर्यंत जाणारं रान त्यामुळे निदान कागदावर सांधलं गेलं. त्या रानात गवताची कुरणं मोकळी करणं, पाणवठे राखणं आणि वणवे थांबवणं हे काम झालं तर गवे वर थांबतील. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. तिथे आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी हे मागावं असं मला फार वाटतं. खाली ऊस पिकवणाऱ्याचंही पोट त्या रानाशी बांधलेलं आहे, कारण भोगावती आणि दूधगंगेचं पाणी तिथूनच येतं.

आणि एक कळकळीची विनंती. गवा दिसला की गर्दी करू नका, गाड्या मागे लावू नका. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूर शहराच्या वेशीवर गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. हजार किलोपर्यंत वजन भरणारं जनावर कोंडलं गेलं की वाट दिसेल तिकडे धावतं. त्याला रात्रीची शांत वाट दिली तर बहुतेक वेळा ते आलं तसं निघून जातं.

प्रश्न : राधानगरी हा व्याघ्र प्रकल्प आहे का?
— एक पर्यटक, इचलकरंजी

उत्तर : नाही, ते अभयारण्य आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून झाला. राष्ट्रीय उद्यानात चराई किंवा खाजगी हक्क राहत नाहीत, अभयारण्यात काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावच्या देवराईतलं जुनं मंदिर पाडून मोठं बांधायचं ठरतंय. त्यासाठी तीस-चाळीस जुनी झाडं जाणार. मी बी.एस्सी.ला आहे. घरात बोलले तर म्हणतात, देवाच्या कामाला आडवी येऊ नको. काय करू?
— एक विद्यार्थिनी, भुदरगड तालुका

उत्तर : मुली, तू देवाच्या कामाला आडवी येत नाहीस. आपल्या आज्या देवराईत चप्पल घालून जायच्या नाहीत, वाळकं लाकूडसुद्धा उचलायच्या नाहीत. देऊळ लहान असायचं, रान मोठं असायचं. घरात हेच सांग, भांडू नकोस. वडीलधाऱ्यांपैकी जुनी रीत आठवणारं एखादं माणूस नक्की असेल, त्यांना आधी भेट.

मग कागद जमव. जमीन कुणाची, गावठाण, देवस्थान, महसूल की वन, हे तलाठ्याकडून काढ. जमीन वनाची असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीच करता येणार नाही. इतर जमिनीवरही आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या नोंदवहीत देवराईचं नाव आहे का, ते पाहा. नसेल तर घालून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या देवरायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या अशा रानांचं सर्वेक्षण करून धोरण आखायला केंद्राला सांगितलं आहे, त्याचा उल्लेख ठरावात करता येईल.

शेजारचं उदाहरण ग्रामसभेत जरूर सांग. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक छोटा मासा आहे. २०२० मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला, नदीचंच नाव त्याला मिळालं. २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ केली. क्षेत्र दोन हेक्टरांपेक्षा थोडंच जास्त. देऊळ तिथे आहे, पूजा चालू आहे आणि मासाही राहिला आहे. हीच हिरण्यकेशी पुढे आजऱ्यातून गडहिंग्लजला जाते, तेव्हा तुमच्या भागातल्या लोकांना ती परकी वाटणार नाही.

मंदिर दुरुस्त करायला कुणाचीच हरकत नसावी. आहे त्या जोत्यावर, कौलारू, झाडांच्या मुळांना न दुखवता ते करता येतं, तसा आराखडा मागा. सभामंडप हवाच असेल तर तो देवराईच्या बाहेर, रस्त्याकडेला होऊ शकतो.

तुझ्या हातात असलेलं काम म्हणजे यादी. प्रत्येक मोठ्या झाडाला नंबर दे, छातीच्या उंचीवर घेर मोज, ढोली आहे का, वेल आहे का, ते लिही. गारंबीचा जुना वेल असेल तर त्याची लांबीही मोज. ज्यांची ओळख पटणार नाही त्यांच्या पानाचा, खोडाचा आणि फळाचा वेगवेगळा फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी नावं कळवते. हे पाऊस धरायच्या आत कर. यादी सरपंचांच्या हातात पडल्याशिवाय ग्रामसभेत विषय मांडू नकोस, आणि त्या सभेला वर्गातल्या दोन मैत्रिणी सोबत ने.