7 बाय 12 फुटांत गोल जिना की डॉगलेग?

प्रश्न असा होता : 'हॉलच्या कोपऱ्यात जिन्यासाठी आतून 7 बाय 12 फूट जागा आहे, मजल्याची उंची 10 फूट. मिस्त्री लोखंडी गोल जिना सुचवतो, आर्किटेक्ट डॉगलेग म्हणतात. कोणता करावा, खर्च किती आणि लँडिंगखाली टॉयलेट बसेल का?'

डॉगलेग, म्हणजे अर्ध्या उंचीवर लँडिंगचा सपाट चौथरा घेऊन उलट वळणारा दोन टप्प्यांचा जिना. एवढी जागा असताना गोल जिन्याचं नावही काढू नका.

5 फूट व्यासाच्या गोल जिन्यात मधला खांब आणि रेलिंग वजा जाता चालायला जेमतेम सव्वादोन फूट उरतात. बारा पायऱ्यांत एक वेढा पुरा होतो, म्हणजे तेरावी पायरी थेट पहिलीच्या डोक्यावर येते. 10 फुटांना 18 आरामशीर पायऱ्या केल्या तर तिथे डोक्यावर धड सात फूटही मिळत नाहीत. मग फॅब्रिकेटर गुपचूप 15 पायऱ्या करतो आणि रायझर, म्हणजे पायरीची उभी उंची, 8 इंचांवर जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी कमाल 190 मिमी आहे, हा 203 झाला. लोखंडी कपाट वर कसं न्यायचं आणि आजारी माणसाला खाली कसं आणायचं, हे मिस्त्रीलाच विचारा.

डॉगलेगचा हिशेब सोपा आहे. 10 फूट म्हणजे 3048 मिमी, 18 रायझर, प्रत्येकी 169. दोन टप्प्यांत नऊ-नऊ. नऊ रायझरना ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या जागा, आठच लागतात (नववं पाऊल लँडिंगवरच पडतं), तेव्हा 280 मिमीचे आठ ट्रेड 2240, लँडिंग 1000, एकूण 3240. तुमच्याकडे 12 फूट, म्हणजे 3658 आहेत, उरलेला सव्वा फूट पहिल्या पायरीपुढे मोकळा सोडा. दोनदा रायझर अधिक एक ट्रेड 600 ते 640 मध्ये बसावं. इथे 618 येतं. 7 फुटांत एकेक मीटरचे दोन टप्पे आणि मध्ये 134 मिमीची फट.

आता खरं दुखणं. 'सगळ्या पायऱ्या सारख्या ओतल्या की झालं' असं म्हणणारे मिस्त्री प्रत्येक साइटवर भेटतात, आणि दोरी-गुण्या लावून ते खरंच सारख्या ओततात. चूक तिथेच होते. खालच्या खोलीत कोब्यावर मसाला आणि फरशी मिळून 75 मिमी चढणार. पायरीवर 20 मिमी ग्रॅनाइट आणि 15 मिमी मसाला, म्हणजे 35. वरच्या मजल्यावर 50. खालच्या कोब्यापासून वरच्या स्लॅबपर्यंतची 3073 मिमी उंची 18 ने भागली की प्रत्येक पायरी 171 ची दिसते. फरशी बसल्यावर मात्र पहिली पायरी 131 ची होते, शेवटची 186 ची, मधल्या सगळ्या 171. दोन पावलांत पायाला उंचीची सवय लागते. वरून उतरताना शेवटचं पाऊल दीड इंच आधीच टेकतं आणि माणूस तोंडावर जातो. मग दोष चपलेला! काँक्रीटमध्ये पहिला रायझर 209, शेवटचा 154 आणि मधले 169 ओतायला हवेत. ओतताना हे वेडंवाकडं दिसतं, म्हणून मिस्त्री हसतात. हसू द्या. नंतर ग्रॅनाइटखाली जाड मसाला भरून फरक झाकणं हा उपाय नव्हे. पहिली पायरी उचलली की दुसरी तेवढीच बुटकी होते.

लँडिंगखाली टॉयलेट बसणार नाही. नऊ रायझर म्हणजे 1521, त्यातून 150 चा स्लॅब आणि वरची 35 ची फरशी वजा केली की 1336 मिमी. खाली बीम असेल तर आणखी कमी. इन्व्हर्टर आणि चपला ठेवा. डोक्यावरची मोकळी जागा पायरीच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, सरळ वर 2.2 मीटर हवी. वरच्या मजल्याच्या कडेचा बीम खालच्या टप्प्यावर लोंबतो का, हे नकाशातच तपासा.

सळई बांधताना एकच जागा डोळ्यांत तेल घालून बघा : खालचा टप्पा चढून लँडिंगला मिळतो तो सांधा. तिथे खालची मुख्य सळई स्लॅबच्या पोटाच्या आकाराने वाकवली तर ताण आल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येते. टप्प्याची सळई सरळ लँडिंगच्या वरच्या थरात जायला हवी, लँडिंगची टप्प्याच्या वरच्या थरात. एकमेकींना ओलांडून पुढे पूर्ण पकड-लांबी (काँक्रीटने सळई घट्ट धरायला लागणारी लांबी) : एम 20 काँक्रीटमध्ये 12 मिमीच्या 500 ग्रेड सळईला सुमारे 680 मिमी.

ग्रॅनाइट चकचकीत पॉलिशचा नको. निदान नाकाजवळ तीन खाचा मारून घ्या.

खर्चाचा आकडा गावागणिक बदलतो, स्थानिक कोटेशनच घ्या. 150 मिमी जाडी टप्पा लांबीच्या दिशेने पेलला आहे असं धरून सांगितली. आधार वेगळे असतील तर जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल. फरशीची जाडीही तुमची तुम्ही मोजा, माझे 75 आणि 35 डोळे मिटून घेऊ नका. मात्र सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी खालच्या आणि वरच्या तयार फरशीची रेघ भिंतीवर ऑइलपेंटने मारून घ्या आणि मिस्त्रीला पायऱ्या त्याच रेघेवरून मोजायला लावा.