शांघायला येताय ना दोघं?

उतरल्यावर सामान नंतर लावा, आधी पोलीस नोंदणी. भाड्याच्या घरात राहणार असाल तर २४ तासांच्या आत ती करावीच लागते, आणि घर बदललं की पुन्हा. भाडेकराराची प्रत जवळच ठेवा.

अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची अ‍ॅप्स निघण्याआधीच फोनवर घ्या, कार्ड जोडा. इथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते.

हिरवे मूग, शेंगदाणे, कोथिंबीर बाजारात मिळतात. गोडा मसाला आणि कुकरची जादा रिंग मात्र घरून आणा.

आता मनापासून सांगते. जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. पहिले काही महिने घरी असणाऱ्याला फार जड जातात. मलाही गेले. त्यामुळे चिनी भाषेचा वर्ग पहिल्याच आठवड्यात लावा, आणि शक्यतो दोघांनी मिळून.