लॅपटॉप राहू दे, आधी कार्डाचं बघा

सांगलीहून एका वाचकांनी विचारलंय: मुलगी पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला चाललीय, ३८ हजारांचा लॅपटॉप घेऊ की ६४ हजारांचा? स्वस्तातल्याला एक वर्षाची वॉरंटी, महागाला तीन वर्षं आणि माणूस होस्टेलवर येऊन दुरुस्त करून देणार. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की क्रेडिट कार्डावर १ लाख १० हजार बाकी आहे, "पण मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) दर महिन्याला न चुकता भरतो", म्हणून त्याच कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करणार. आणि २ लाखांची एफडी आहे, ती अडीअडचणीला.

अहो, मग ही अडचण नाही तर काय आहे?

तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३,८५० व्याज, वर १८ टक्के जीएसटी, झाले साडेचार हजार. तुम्ही मिनिमम ड्यू म्हणून भरताय साडेपाच. म्हणजे मुद्दल हलतं जेमतेम हजारानं, आणि तेवढं तर तुम्ही परत किराण्याला स्वाइप करताय. वर्षाला ५४ हजार नुसतं व्याज! तेवढ्याच रकमेवर एफडी ७ टक्क्यांनी देते ७,७००. शिवाय बाकी ठेवली की नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, किराण्यावरसुद्धा त्याच दिवसापासून मीटर चालू.

नो कॉस्टचं म्हणाल तर बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी किंमत कमी करून दाखवतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, हजारभर धरा. आणि हप्ता अख्खाच्या अख्खा मिनिमम ड्यूमध्ये येऊन बसतो, म्हणजे साडेपाचचे जवळजवळ अकरा हजार होणार. दुकानदारानं हे सांगितलं नसेलच, त्याला काय पडलंय.

तेव्हा एफडी मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कापतील, कापू दे. कार्ड शून्य, हातात ९० हजार.

आता लॅपटॉप. ६४ वाला घ्या, रोख. फरक २६ हजारांचा, चार वर्षांत महिन्याला साडेपाचशे पण नाही, आणि वॉरंटी संपल्यावर मदरबोर्ड गेला की स्वस्तातला एका झटक्यात निम्मी किंमत मागतो. दुकानात स्क्रीनचा कोपरा एका बोटानं ढकलून बघा, हिंज म्हणजे बिजागरी किती पक्की ते लगेच कळतं. रॅम वाढवायला स्लॉट आहे का तेही विचारा, ३८ वाल्यात ८ जीबी बोर्डालाच सोल्डर केलेली असेल तर तिसऱ्या वर्षी पोरगी रडणार. दुकानदार स्वतःचा ५-६ हजारांचा प्रोटेक्शन प्लॅन गळ्यात मारेल, तो नको, कंपनीची वॉरंटी आहे ना. सेकंडहँड घ्यायचा विचार आला तर इंटेल आठव्या जनरेशनच्या खालचा प्रोसेसर असलेला नकोच, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

उरले २६ हजार, त्यात कार्डाच्या मिनिमम ड्यूतून सुटलेले साडेपाच हजार महिन्याला आरडीत टाका, वर्षात ९० च्या वर जाल.

आणि कार्ड भरताना बिलावरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. बँकेला फोन करून आजची पूर्ण रक्कम विचारा. तरी पुढच्या बिलात मधल्या दिवसांच्या व्याजाचं हजारभराचं शेपूट येईल, तेही पूर्ण भरा, मिनिमम नाही.