वर्दी उतरवल्यानंतर

प्रश्न : माझे बालपण सोलापुरात, मागांच्या खडखडाटात गेले. वडील चादरी विणत. शाळेतून आलो की मी कांड्या भरायला बसे. दहावीनंतर, अठराव्या वर्षी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि सतरा वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता वय ३६ आहे. एका मुलाखतीत ‘वय गेले, पदवी नाही’ असे ऐकवले गेले. लिपिकाच्या नोकरीची आशा धरावी काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अवश्य धरावी. तुम्हाला जे ऐकवले गेले ते वाचून मन खरोखर दुखावले, कारण माजी सैनिकांसाठीचे नियमच वेगळे आहेत. केंद्र सरकारच्या गट ‘क’च्या पदांसाठी प्रत्यक्ष वयातून सेवेची वर्षे वजा करतात आणि उरलेले वय पदाच्या मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसावे, एवढेच पाहतात; तुमच्या ३६ मधून १७ गेले की उरतात अवघी १९. दहावी उत्तीर्ण होऊन १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला, तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या गट ‘क’च्या पदांसाठी, पदवीच्या पात्रतेतही विचारात घेतले जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सेवामुक्तीचे पुस्तक घेऊन जा आणि नावनोंदणी करा. टंकलेखनाचा सराव मात्र आजपासूनच सुरू करा. कांडी भरताना तुटलेला धागा अंदाजाने पकडणाऱ्या बोटांना ते जड जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.