दोन वर्षांचा मुलगा दूध आणि बिस्किटांशिवाय काहीच खात नाही, वरणभात दिसला की तोंड फिरवतो. काय करावं?

तुमचा प्रश्न वाचून आमचं ठाण्याचं चरईतलं घर आठवलं. तेच दूध, तीच बिस्किटं, आणि ताट दिसलं की घट्ट मिटलेलं तोंड. लेक आता पाच वर्षांची आहे म्हणून शांतपणे लिहितेय, तेव्हा रोज रडकुंडीला यायचे.

आधी सांगा, दिवसाला दूध किती पितो? आमच्याकडे कोणी मोजलंच नव्हतं. उठल्यावर बाटली, दुपारी झोपताना बाटली, रात्री बाटली, शिवाय सासूबाईंनी मायेने दिलेला अर्धा पेला. एकदा मोजलं तर ८५० मिली भरलं. एवढं पोटात गेल्यावर भूक लागणार कुठून? डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर हिमोग्लोबिन ९.१. या वयात ते ११ तरी हवं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि जास्त दूध जेवणातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. लोहाचे थेंब सुरू झाले (शी काळी होते, घाबरू नका; आम्ही घाबरलो होतो). बाटली बंद करून दूध पेल्यातून, दिवसाला ४०० मिली. सासूबाई म्हणाल्या, "दूध तोडलंस, पोर वाळेल हो." चार दिवस घरात नुसती रडारड. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोरगी आपणहून ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "भूक." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

आणि मूल पूर्वीपेक्षा कमी खातंय असं वाटतं, त्यात तथ्यही असतं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, तीन किलोचं बाळ नऊ किलोचं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. आपण मात्र मोठी वाटी भरून बसतो. मी देवघरातली नैवेद्याची वाटी काढली. दोन चमचे भात, एक चमचा वरण, बस्स. सासूबाईंना ते काही रुचलं नाही. पण वाटी रिकामी व्हायची, आणि लेक "अजून" म्हणायची.

मोबाईल लावून भरवत असाल तर तो आधी बंद करा. आमची गाणी बघत बघत गिळायची, गाणं संपलं की तोंड बंद. काऊ-चिऊच्या घासांवर माझा राग नाही, पण ते पाऊण तास गॅलरीभर मागे धावून नकोत. मी एकच ठरवलं: काय आणि कधी ते मी ठरवणार, किती ते ती. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, न चिडता. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी, मध्ये फक्त पाणी. घरात बिस्किटं आणणंच बंद केलं. नवऱ्याला चहाबरोबर लागतात, तो बिचारा ऑफिसात खाऊन यायचा.

नकारामागे कधीकधी भलतंच कारण असतं. एकदा बघते तर ती वरणातली मोहरी एकेक करून बोटाने बाहेर काढतेय आणि ताटाच्या कडेला रांग लावतेय. पंधरा मिनिटं हाच उद्योग. दुसऱ्या दिवशी बिनफोडणीचं वरण, वर तूप आणि लिंबू. खाल्लं! लिंबामुळे डाळीतलं लोहही चांगलं शोषलं जातं, तो वरचा फायदा.

नवीन पदार्थ दोन-तीनदा नाकारला म्हणून सोडू नका, दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. जांभळी नाक्याच्या मंडईतून लाल भोपळ्याची फोड तिने स्वतः छातीशी धरून आणली होती. भाजी केली तर हातही लावला नाही. मग नुसती चाटून परत ठेवली, मग चावून थुंकली. महिन्याभराने घारगे केले तेव्हा दोन खाल्ले.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे एवढ्यात देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. आणि वजन घटत असेल, घट्ट घासाला दरवेळी उलटी होत असेल किंवा खाण्याचे तीन-चारच पदार्थ उरले असतील, तर यातलं काही करत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुधाचा आकडाही त्यांना सांगा.

भेंडी ती आजही खात नाही. नवराही खात नाही, त्यामुळे तो विषय मी काढत नाही.