नवी गाडी आणि कारखान्यातला कचरा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की नव्या गाडीत कारखान्यातलं काय काय राहून गेलेलं सापडलं. पत्रं भरपूर आली, त्यातली चार घेतोय.

प्रश्न: आम्ही शिकागोजवळ राहतो, यंदा नवाकोरा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. पहिल्यांदा हीटर लावला तर फ्लोअरच्या जाळीतून लाकडाचा भुसा उडायला लागला, जाळी काढून हात घातला तर स्क्रू, स्टेपलच्या पिना आणि प्लायवूडचा तुकडा निघाला. वर नळालाही पाणी बारीक येतंय. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला का?

उत्तर: नाही हो, वापरलेला असता तर भुसा आधीच्या मालकाच्या अंगावर उडाला असता! अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि तिथलं काम म्हणजे रोबोट वगैरे काही नाही, निम्मं सुतारकामच आहे. आधी फ्लोअर बनतो, त्यात डक्टची, म्हणजे गरम हवेच्या नळांची, भोकं पाडतात, मग त्याच फ्लोअरवर उभं राहून भिंती, कपाटं, पलंग सगळं कापायचं आणि ठोकायचं, आणि शेवटी झाडू मारला की कचरा जवळच्या भोकात. त्यात बऱ्याच ठिकाणी पीस-रेट, म्हणजे ठरलेले नग झाले की घरी, मग डक्टमध्ये हात घालून बघायला थांबतंय कोण.

डक्ट साफ होईपर्यंत हीटर बंद ठेवा. व्हॅक्यूमची नळी प्रत्येक जाळीतून जाईल तितकी आत घाला, वळणावर जास्त अडकलेलं असतं, आणि हीटर ज्या कप्प्यात बसवलाय तोही साफ करून घ्या, तो हमखास राहतो. पाण्याचं कारण वेगळं आहे. प्लास्टिकच्या टाकीला फिटिंगसाठी ड्रिलने भोकं पाडतात, तेव्हा निघालेला कीस आत पडतो आणि पंपाच्या तोंडाशी जी छोटी गाळणी असते तिथे जाऊन बसतो. पंप बंद करून त्या गाळणीची वाटी फिरवून काढा, आतली जाळी धुवा आणि दोनतीनदा टाकी भरून रिकामी केल्यावर परत बघा, एकदा धुवून भागत नाही. नळाच्या तोंडाची जाळीही काढून झटका.

एक सांगतो, कपाटाच्या आत कुठे उगाच घुसलेला स्क्रू दिसला तर हौसेने काढायला जाऊ नका. कधीकधी तो मागच्या पाइपमध्ये घुसलेला असतो आणि तोच बुचासारखा पाणी अडवून बसलेला असतो. फोटो काढा आणि वॉरंटीत डीलरकडून करून घ्या.

प्रश्न: नव्या गाडीच्या मागच्या दारात खडखड होती, सर्व्हिसवाल्याने आतून नट काढून दिला. कामगार असं मुद्दाम करतात का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: मुद्दाम क्वचितच. लाईनवर प्रत्येक कामगाराला एका गाडीसाठी साधारण मिनिटभर मिळतो, नट हातातून सुटून दाराच्या पोकळीत पडला तर तो शोधण्यापेक्षा ट्रेमधला दुसरा उचलणं सोपं. पण मुद्दाम केल्याचं गाजलेलं उदाहरण आहे, जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमॉन्ट प्लांट. तिथे कामगार आणि मॅनेजमेंटचं इतकं फाटलं होतं की गिऱ्हाइकाला खडखड ऐकू यावी म्हणून दाराच्या पॅनलमध्ये कोकच्या बाटल्या सोडायचे, असं पुढे तिथल्याच लोकांनी सांगितलं. 1982 ला प्लांट बंद पडला, 1984 ला टोयोटाच्या भागीदारीत परत चालू झाला आणि बरेचसे कामगार तेच जुने घेतले, त्यांना जपानला नेऊन काम दाखवलं आणि काही चुकलं तर दोरी ओढून लाईन थांबवायचा हक्क दिला. त्याच हातांनी मग अमेरिकेतल्या चांगल्यात चांगल्या गाड्या काढल्या. त्यामुळे नट सापडला की कामगाराला शिव्या घालणाऱ्यांशी माझं पटत नाही, पडलेला नट काढायला त्याला वेळ कोणी दिलाय का ते आधी विचारा.

आणि सर्व्हिसवाल्याला एवढं जरूर विचारा की हा नट जास्तीचा होता का कुठून तरी निघालेला? जास्तीचा असेल तर विषय संपला, निघालेला असेल तर जागा सापडेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.

प्रश्न: टोयोटाने इंजिनातल्या कचऱ्यामुळे गाड्या परत बोलावल्या हे खरं का? एवढ्याशा कणाने काय होतं?

उत्तर: खरंय. मे 2024 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 2 हजार गाड्या, 2022 आणि 2023 च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स. मशिनिंगचे, म्हणजे धातू कापताना निघालेले, कण इंजिनात राहिले होते. त्याआधी 2015 मध्ये ह्युंदाईने तिथेच 4 लाख 70 हजारांच्या आसपास सोनाटा बोलावल्या होत्या, त्यात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, ऑइलच्या वाटा नीट साफ झाल्या नव्हत्या. क्रँक बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, तो थर काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, आता तुम्हीच हिशोब करा. कण बेअरिंगवर चरे पाडतो, मग ठकठक आणि शेवटी चालत्या गाडीत इंजिन बंद.

चाकण-भोसरीच्या मशीन शॉपमधल्या वाचकांना मिलीपोर टेस्ट माहीतच असेल. पार्ट सॉल्व्हंटने धुवायचा, ते धुतलेलं सॉल्व्हंट आधी वजन केलेल्या गोल पांढऱ्या फिल्टर पेपरमधून गाळायचं, पेपर ओव्हनमध्ये सुकवून परत वजन करायचं, जेवढे मिलिग्रॅम वाढले तेवढा कचरा. वरून मायक्रोस्कोपखाली सगळ्यात मोठा कण मोजायचा. डोळ्याला चकाचक दिसणारा पार्टही त्या पेपरवर चमचमणारे ठिपके सोडतो, नवीन पोरं पहिल्यांदा बघून गप्पच होतात.

तुमच्या हातात एवढंच, पहिलं ऑइल वेळेवर बदला, त्यात चांदीसारखी चमक दिसली किंवा इंजिनातून ठकठक आली तर गाडी न रेटता टो करून न्या.

प्रश्न: नव्या गाडीच्या बोल्टवर पिवळे-पांढरे रंगाचे फराटे आहेत. रंग सांडलाय का?

उत्तर: नाही, ती खूण आहे. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळायच्या ठरलेल्या जोराने, आवळला की त्यावर रेघ मारतात. बोल्टवरची आणि बाजूच्या पत्र्यावरची रेघ जुळत नसेल तर बोल्ट हललाय. पुसू नका.