साठीनंतरची सोबत आणि मुलांचा अबोला

प्रश्न : माझे वय 62 आहे. यजमान एका खाजगी कारखान्यात नोकरीला होते. सात वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. जुळे सोलापुरातील आमच्या घरात मी एकटीच राहते. मुलगी पुण्याला असते. मुलगा सोलापुरातच, पण वेगळा राहतो. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्या मंडळींतील एका निवृत्त शिक्षकांशी माझा स्नेह जुळला आहे. त्यांचे वय 67, पत्नी चार वर्षांपूर्वी कर्करोगाने गेल्या. यंदा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याला आम्ही शेजारी उभे होतो, ते एका नातेवाइकाने पाहिले. तेव्हापासून मुलगा बोलत नाही आणि मुलगी विचारते, “आई, बाबांचा विसर पडला का?” या शिक्षकांनी मला लग्नाबद्दल विचारले आहे. यजमानांचा फोटो भिंतीवरून उतरवावा लागेल, या विचारानेच मला रडू येते. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात तुम्ही मुलाविषयी लिहिले आहे, मुलीविषयी, नातेवाइकांविषयी लिहिले आहे. परंतु या गृहस्थांबरोबर असताना तुम्हाला कसे वाटते, हे कोठेही लिहिलेले नाही. बाकीच्या सगळ्यांची उत्तरे शोधण्याआधी ते एकदा स्वतःशी स्पष्ट करा, कारण दोन्ही मुलांना उद्या तेच सांगावे लागणार आहे.

यजमानांविषयी वाटणारी अपराधाची भावना मी हलकी मानत नाही. ज्यांच्याबरोबर संसार केला, त्यांची जागा दुसऱ्याला दिली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा तेही विधुर होते आणि त्याही विधवा होत्या. दोघांनीही आपल्या पहिल्या जोडीदाराला मनातून पुसून टाकले होते, असे कोण म्हणेल? कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले, ते विवाहामुळे, विस्मरणामुळे नव्हे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा त्याआधी 37 वर्षे, म्हणजे 1856 मध्येच झाला होता. कायदा आधी येतो आणि आपली माणसे मागून येतात, हे तेव्हाही खरे होते. आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथांविरुद्ध चालवलेल्या मोहिमेतून 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा गावानेच गावाची रीत बदलली. तुमच्या घरातली रीत बदलायला कोणाच्या ठरावाची गरज नाही.

मुलांच्या विरोधाकडे मात्र नीट पाहावे लागेल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून मला वाटते की, “लोक काय म्हणतील” या वाक्याच्या मागे बहुतेक वेळा दुसरीच एक भीती असते आणि ती तोंडाने बोलायची लाज वाटते म्हणून तिला अब्रूचे नाव दिले जाते. घराचे काय होईल, ही ती भीती. तुमच्या मुलाच्या मनात हेच आहे असा माझा आरोप नाही, पण असेल तर ते लवकर मिटवता येईल. म्हणून आधी कागदपत्रे नीट करा आणि मानापमान नंतर बोला.

घर यजमानांच्या नावावर असेल, त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल आणि त्यांच्या मातोश्री तेव्हा हयात नसतील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा त्यावर समान हक्क आहे. पुनर्विवाह केल्याने तुमचा हिस्सा जात नाही. परंतु तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात, तर त्या हिश्श्यात मुलगा व मुलगी यांच्याबरोबर नव्या पतीचाही समान वाटा येतो, आणि तेच त्यांच्याही बाबतीत घडेल, म्हणजे त्यांच्या मुलांबरोबर तुमचा वाटा येईल. तुमची इच्छा तशी नसेल तर ते मृत्युपत्रात लिहा. त्यासाठी दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ती करून घ्या म्हणजे नंतर कोणी शंका घेणार नाही. ते आधी गेले तर त्यांच्या घरात तुम्हाला हयातभर राहता यावे, असे त्यांच्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. याबाबतीत संकोच करू नका. राहते घर मात्र प्रेमापोटी आताच कोणाच्या नावे करून देऊ नका.

एक गोष्ट पैशांची आहे आणि तिच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. यजमान कारखान्यात होते म्हणजे तुम्हाला भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून विधवा निवृत्तिवेतन मिळत असण्याची शक्यता आहे. ते पुनर्विवाहानंतर बंद होते. विवाह लपवून ते घेत राहणे योग्य नव्हे. म्हणून तेवढ्या रकमेशिवाय तुमचा महिना कसा भागेल, याचा हिशेब दोघांनी एकत्र बसून मांडा. काही जण याच कारणाने विवाह न करता एकत्र राहतात. त्यात वावगे काही नाही, पण तशा नात्यात वारसाहक्क मिळत नाही, आणि रुग्णालयात “तुम्ही यांच्या कोण” या प्रश्नाला उत्तर देताना तुमचीच कुचंबणा होईल. मला विचाराल तर नोंदणी विवाह करावा. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, तिला 30 दिवस झाल्यावर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. दोघांच्या दिवंगत जोडीदारांचे मृत्यूचे दाखले जवळ ठेवा.

आता त्या शिक्षकांविषयी. आज त्यांच्या घरी भाकरी कोण करते, हे विचारा. हा प्रश्न मी थट्टेने लिहीत नाही. ज्या पुरुषाला बाई गेल्यावर फक्त घर चालवणारे माणूस हवे असते, त्याच्याबरोबर तुम्ही पुन्हा चुलीशीच उभ्या राहाल. ज्याने चार वर्षांत स्वतःचा स्वयंपाक आणि स्वतःची औषधे सांभाळली आहेत, त्याला खरोखर सोबतच हवी असते. तुमचे दोघांचे आजार, रक्तदाब, मधुमेह, जे असेल ते एकमेकांना सांगा. त्यांच्या मुलांनाही एकदा भेटा, चहापुरते का होईना.

आणि फोटो. तो कोणी उतरवायला सांगत असेल, तर त्या घरात जाऊ नका. त्यांच्या पत्नीचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे का, आणि तिच्या तिथीला ते काय करतात, हे विचारा. दोन्ही फोटो एका भिंतीवर लागतील आणि पितृपक्षात दोन्ही तिथी एकाच घरात पाळल्या जातील, असे त्यांनी न अडखळता म्हटले, तर मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही तुम्हाला मिळाले असे समजा.

ते तिला फोनवर सांगू नका. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, दोन दिवस तिच्याकडे राहा आणि तिला परवानगी न मागता फक्त इतकेच विचारा, की नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून ती सही करील का.